युरोपातले स्टार्टअप : काय उगवलं, काय अडलं, आणि ऑफर हातात असेल तर काय विचारायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सात वर्षं बॅकएंडचं काम करताय. बर्लिनच्या एका स्टार्टअपने ऑफर दिली आहे. कंपनीने सिरीज ए (बाहेरच्या गुंतवणुकीची पहिली मोठी फेरी) उचलली आहे, पगार ठीक आहे आणि वर ०.१५ टक्के ‘व्हर्च्युअल शेअर्स’ देऊ म्हणतात, म्हणजे खरे शेअर नव्हेत, कंपनी विकली तर पैसे देण्याचा करार. घरचे म्हणतात, स्टार्टअपच करायचा तर बंगळूर किंवा अमेरिका, युरोपात कसले आलेत स्टार्टअप? तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : तिथली वाढ खरी आहे की नुसता फुगा, आणि त्या ०.१५ टक्क्यांना किती किंमत द्यायची.

मी मूळची सांगलीची. २०११ मध्ये बर्लिनला आले, दोन स्टार्टअपमध्ये नोकरी केली आणि गेली नऊ वर्षं एका लहान व्हेंचर फंडात, म्हणजे नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणाऱ्या संस्थेत, काम करते. म्हणजे तुम्ही ज्या खुर्चीत बसणार आहात तिथे मी बसले आहे, आणि तुमच्या कंपनीला पैसे देणारे ज्या खुर्चीत बसतात तिथेही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा लांबेल, पण ते कळल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर पटणार नाही.

वाढ खरी आहे. मात्र ती आधी पैसा आला आणि मग कंपन्या उभ्या राहिल्या अशी झालेली नाही. आधी एका पिढीने काम केलं, शिकली, थोडा पैसा कमावला, आणि तोच पैसा नि तेच शहाणपण पुढच्या पिढीत ओतलं. याला वीस वर्षं लागली.

आधी एक गोष्ट सांगते, ती मला फार आवडते. व्हेंचर कॅपिटलचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते ज्यॉर्ज दोरियो पॅरिसमध्ये जन्मलेले. ते अमेरिकेत जाऊन हार्वर्डमध्ये प्राध्यापक झाले आणि १९४६ मध्ये त्यांनी बोस्टनला अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट ही कंपनी काढली. १९५७ मध्ये तिने डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि पुढच्या दशकभरात त्या हिश्शाची किंमत कोट्यवधी डॉलरवर गेली. त्याच १९५७ मध्ये दोरियोंच्या पुढाकाराने फ्रान्समध्ये इन्सियाड ही व्यवस्थापनशाळा सुरू झाली. म्हणजे माणूस युरोपचा, शाळाही युरोपात, पण धंदा रुजला अमेरिकेत.

याचं कारण युरोपातल्या पैशाच्या सवयीत आहे. तिथे उद्योगाला पैसा देणार कोण, तर बँक. आणि बँक आधी तारण मागते. कारखाना, यंत्रं, जमीन असेल तर जर्मन बँक पिढ्यान् पिढ्या साथ देते. जर्मनीतले मध्यम उद्योग, ज्यांना तिथे मिटेलश्टांड म्हणतात, ते याच नात्यावर उभे आहेत. चार पोरं, चार लॅपटॉप आणि एक कल्पना, यात तारण काय ठेवणार? दुसरं कारण पेन्शनचं. अमेरिकेत १९७९ मध्ये सरकारने नियमांचा अर्थ स्पष्ट केला आणि पेन्शन फंडांना व्हेंचरमध्ये पैसे घालायची वाट मोकळी झाली. तिथला धबधबा तेव्हा सुरू झाला. जर्मनीत सरकारी पेन्शनची साठवलेली गंगाजळीच नाही. आज माझ्या पगारातून कापलेले पैसे आजच्याच निवृत्तांना जातात. साठलेला पैसाच नाही, तर तो गुंतवणार कुठून?

एक प्रयत्न झाला होता, आणि तो असा आपटला की पुढची दहा वर्षं लोक त्याचं नाव काढायला तयार नव्हते. मार्च १९९७ मध्ये फ्रँकफर्टला नॉयर मार्क्ट, म्हणजे नवा बाजार, सुरू झाला. नव्या तंत्रज्ञान कंपन्यांसाठी वेगळा शेअर बाजार. शाळामास्तरांपासून निवृत्तांपर्यंत सगळ्यांनी पैसे लावले. मार्च २००० मध्ये शिखर गाठलं आणि मग तिथल्या प्रमुख निर्देशांकाने ९५ टक्क्यांहून जास्त किंमत गमावली. कॉमरोड नावाच्या कंपनीची तर जवळजवळ सगळी विक्रीच बनावट निघाली. जून २००३ मध्ये बाजार बंद झाला. लंडनमध्ये बू डॉट कॉम हे कपड्यांचं ऑनलाइन दुकान १३ कोटी डॉलरच्या वर रक्कम संपवून मे २००० मध्ये बुडालं. मी बर्लिनला आले तेव्हाही ज्या बाईंच्या घरात भाड्याने राहत होते त्यांनी माझ्या कंपनीचं नाव ऐकून पहिला प्रश्न केला होता, “नॉयर मार्क्टसारखं तर नाही ना?” त्यांच्या यजमानांची शिल्लक त्यात गेली होती.

आणि नेमक्या त्याच २००३ मध्ये, नॉयर मार्क्टला कुलूप लागलं त्या उन्हाळ्यात, स्काइप सुरू झालं.

युरोपची गोष्ट कळायची तर स्काइप नीट पाहावं. संस्थापक निक्लास झेनस्ट्रोम स्वीडनचे, यानुस फ्रीस डेन्मार्कचे. कंपनीची नोंदणी लक्झेंबर्गला, कचेरी लंडनला, आणि प्रोग्रामिंग एस्टोनियात, तालिनला. आहती हाइनला, प्रीत कासेसालू, यान तालिन हे एस्टोनियन गडी, ज्यांनी आधी याच दोघांसाठी काझा हे फाइल वाटायचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. एस्टोनिया १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडलेला, १३ लाख वस्तीचा देश. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. १९९६ मध्ये त्यांनी ‘वाघाची झेप’ नावाची योजना आखून शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेलं होतं. २००५ मध्ये ईबेने स्काइप २.६ अब्ज डॉलरला घेतलं, २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ८.५ अब्ज डॉलरला. २०२५ च्या मे महिन्यात ते बंद पडलं. ज्यांच्या आईवडिलांनी परदेशातल्या लेकरांचं तोंड पहिल्यांदा स्काइपवर पाहिलं, त्यांना ती बातमी लागली असणार. मला लागली.

पण स्काइपचं खरं काम स्काइपच्या बाहेर झालं. झेनस्ट्रोम यांनी २००६ मध्ये लंडनला अटोमिको हा फंड काढला. यान तालिन हे लंडनच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीच्या सुरुवातीच्या गुंतवणूकदारांपैकी एक. हाइनला आणि फ्रीस यांनी २०१४ मध्ये स्टारशिप काढली, फुटपाथवरून सामान पोचवणाऱ्या लहान रोबोंची कंपनी. आणि स्काइपचे पहिले कर्मचारी टावेट हिनरिकुस. ते लंडनला राहायचे, पगार मिळायचा युरोत. त्यांचे मित्र क्रिस्टो केअरमान लंडनला पौंडात पगार घ्यायचे आणि एस्टोनियातल्या घराचं कर्ज युरोत फेडायचे. दोघांनाही बँक कापायची. मग त्यांनी साधी युक्ती केली. बाजारातला मधला दर बघायचा, एकाने दुसऱ्याच्या लंडनच्या खात्यात पौंड भरायचे, दुसऱ्याने पहिल्याच्या एस्टोनियातल्या खात्यात युरो. पैसा देशाची हद्द ओलांडतच नाही. यातून २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज सुरू झालं, आजचं वाइज. आज बर्लिन-म्युनिकमधल्या कितीतरी मराठी घरांतून गावाकडे पैसे जातात ते याच मार्गाने.

एका कंपनीने असं खत टाकलं की त्या जमिनीत पुढचं पीक आपोआप येतं. तालिनमधल्या मार्कुस विलिग या १९ वर्षांच्या मुलाने २०१३ मध्ये आईवडिलांकडून ५ हजार युरो उसने घेऊन टॅक्सीचं ॲप काढलं, तीच आजची बोल्ट. त्याच्या गावात अब्जावधीची कंपनी उभी राहिलेली त्याने शाळकरी वयात पाहिली होती. माझ्या मते कुठल्याही सरकारी योजनेपेक्षा हे मोठं भांडवल आहे.

स्टॉकहोमचंही असंच. १९९८ मध्ये स्वीडनने करसवलत देऊन कंपन्यांमार्फत कर्मचाऱ्यांच्या घरी संगणक पोचवले. त्या घरांतली मुलं मोठी झाली. २००५ मध्ये क्लार्ना (‘आधी घ्या, पैसे नंतर द्या’ची सोय देणारी), २००६ मध्ये गाणी ऐकवणारी स्पॉटिफाय, पुढे माइनक्राफ्ट काढणारी मोजांग, जी २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने २.५ अब्ज डॉलरला घेतली. स्वीडनमध्ये आणखी एक गोष्ट आहे जी जर्मनीत नाही. तिथला सामान्य माणूस शेअर बाजारात सहज पैसे ठेवतो. २०१२ पासून त्यासाठी सोप्या कराचं खास बचत खातं आहे. लहान कंपनीलाही घरच्या बाजारात गिऱ्हाईक मिळतं.

बर्लिनची गोष्ट वेगळी, आणि इथेच बाहेरचे लोक ‘युरोप म्हणजे नक्कल’ असं म्हणतात. झामवेर बंधूंनी १९९९ मध्ये ईबेच्या धर्तीवर आलांडो काढलं आणि सुमारे शंभर दिवसांत ते ईबेलाच विकलं. २००७ मध्ये त्यांनी रॉकेट इंटरनेट काढलं. अमेरिकेत चाललेला धंदा पाहायचा आणि तो महिन्यांत दहा देशांत उभा करायचा. भारतात फूडपांडा आलं ते रॉकेटच्याच घरातून. यावर टीका भरपूर झाली, मीही तेव्हा करत असे. आता करत नाही. २५ वर्षांची पोरं तिथे एका वर्षात गोदाम, गिऱ्हाईक, परतीचा माल, पगारपत्रक सगळं हाताने शिकत. कपडे-चपलांचं ऑनलाइन दुकान झालांडो आणि रॉकेट दोन्ही ऑक्टोबर २०१४ मध्ये फ्रँकफर्टच्या बाजारात आल्या. रॉकेट २०२० मध्ये बाजारातून बाहेरही पडली. पण आज मी ज्या फाउंडर्सशी बोलते त्यांतले कितीतरी तिथून नाहीतर झालांडोतून निघालेले असतात. कल्पना उसनी होती, पण काम त्यांनी स्वतःच्या हातांनी केलेलं होतं.

आता पैशाकडे येऊ. या मधल्या काळात खाजगी पैसा घाबरलेला होता, तेव्हा सरकार पुढे आलं. अमेरिकेची कथा गॅरेजमधल्या दोन पोरांची म्हणून सांगतात, युरोपची तशी सांगता येणार नाही. लक्झेंबर्गला १९९४ पासून युरोपीय गुंतवणूक निधी आहे. तो कंपन्यांत थेट नव्हे, व्हेंचर फंडांमध्ये पैसे घालतो. त्याने हात दिला नसता तर आज नावाजलेले अनेक फंड पहिला फंड उभा करू शकले नसते. जर्मनीत २००५ मध्ये बॉनला हायटेक ग्रुंडरफाँड्स निघाला, फ्रान्समध्ये २०१२ मध्ये बीपीआयफ्रान्स. ब्रिटनने वेगळी तऱ्हा केली. २०१२ पासून तिथे अगदी कोवळ्या कंपनीत पैसे घालणाऱ्या व्यक्तीला गुंतवलेल्या रकमेच्या ५० टक्के आयकरात सूट मिळते. डॉक्टर, वकील, निवृत्त बँकर असे लोक त्यामुळे लहान-लहान चेक लिहायला लागले. मला स्वतःला ही ब्रिटिश पद्धत सगळ्यांत सरस वाटते, कारण तिथे निर्णय हजारो माणसं घेतात, एक समिती नाही.

पॅरिसला गेलात तर स्टेशन एफ जरूर बघा. १९२० च्या दशकात बांधलेली रेल्वेची मालधक्क्याची इमारत, कमानदार काँक्रीटचं छत, आणि तिच्यात जून २०१७ पासून साधारण हजार स्टार्टअप. टेलिकॉममध्ये पैसा केलेल्या ग्झाव्हिए निएल यांनी ती उभी केली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका टोकाला उभी राहून दुसरं टोक दिसेना, इतकी ती लांब आहे.

२०२१ मध्ये युरोपातल्या स्टार्टअपमध्ये एका वर्षात सुमारे १०० अब्ज डॉलर आले. तो फुगा होता का? त्या वर्षापुरता, हो. व्याजदर शून्याजवळ, आणि अमेरिकन फंड दोन आठवड्यांत टर्म शीट, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींचा पहिला कागद, पाठवत होते. क्लार्नाचं व्हॅल्युएशन (गुंतवणूकदारांनी धरलेली किंमत) जून २०२१ मध्ये ४५.६ अब्ज डॉलर होतं, जुलै २०२२ मध्ये ६.७ अब्ज झालं. तीच कंपनी, तीच माणसं, मधे १३ महिने. २०२३ पर्यंत युरोपात येणारा पैसा निम्म्याहून खाली आला. पण निम्म्याहून खाली येऊनही तो दहा वर्षांपूर्वीच्या कितीतरी पट होता, हे घरच्यांना सांगा. क्लार्ना सप्टेंबर २०२५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची किंमत १५ अब्ज डॉलरच्या आसपास लागली. हे दोन टोकांच्या मधलं, आणि मला वाटतं खऱ्याच्या जवळचं.

फक्त ती बाजारात आली कुठे? न्यूयॉर्कला. स्पॉटिफायही २०१८ मध्ये न्यूयॉर्कला. बुखारेस्टमध्ये जन्मलेली युआयपाथ २०२१ मध्ये न्यूयॉर्कला. माइन्झची लस बनवणारी बायोएनटेक २०१९ मध्ये नॅसडॅकला, म्हणजे न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या शेअर बाजारात, केंब्रिजची चिपचे आराखडे करणारी आर्म २०२३ मध्ये नॅसडॅकला. वाइज २०२१ मध्ये लंडनच्या बाजारात आली, पण २०२५ मध्ये तिच्या भागधारकांनीही मुख्य नोंदणी अमेरिकेत न्यायला मंजुरी दिली. डीपमाइंड तर २०१४ मध्येच गूगलकडे गेली.

युरोपचं दुखणं हे आहे. पेरणीला आता पैसा मिळतो. ५ लाख, २० लाख, ५० लाख युरो आज बर्लिन, पॅरिस, स्टॉकहोमच्या चांगल्या टीमला घरच्या फंडांतून मिळतात. पण १० कोटी, २० कोटी युरोचा चेक लागतो तेव्हा टेबलावर समोर बहुतेक वेळा अमेरिकन बसलेला असतो. तो चांगला असतो, त्याच्याशी माझं वैर नाही. पण मोठा चेक लिहिणारा पुढे विचारणारच, मुख्यालय इकडे का आणत नाही? इटलीचे माजी पंतप्रधान मारिओ द्रागी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय आयोगाला दिलेल्या अहवालात म्हटलं आहे की २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मलेल्या अब्ज डॉलरवरच्या कंपन्यांपैकी जवळपास ३० टक्के कंपन्यांनी आपलं मुख्यालय बाहेर हलवलं, त्यांतही बहुतेकांनी अमेरिकेत. मला हे वाचून धक्का नव्हता बसला, वाईट वाटलं होतं. आमच्या फंडातली एक कंपनी तशी गेलेली आहे.

अपवाद आहेत. ॲम्स्टरडॅमची अदियन २०१८ मध्ये घरच्याच बाजारात आली आणि पहिल्याच दिवशी शेअर जवळजवळ दुप्पट झाला. तिच्या संस्थापकांनी आधीही एक पेमेंट कंपनी काढून विकली होती, म्हणून दुसरीचं नाव सुरिनामच्या बोलीतलं ठेवलं, अर्थ ‘पुन्हा एकदा सुरुवात’. पॅरिसची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी मिस्त्राल एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, दोन महिन्यांत १०.५ कोटी युरो उचलले. पहिला मोठा चेक अमेरिकन फंडाचा होता. पण सप्टेंबर २०२५ मध्ये चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या नेदरलँड्सच्या एएसएमएलने तिच्यात १.३ अब्ज युरो घातले. युरोपातल्या जुन्या उद्योगाने युरोपातल्या नव्या कंपनीला एवढा मोठा हात द्यावा, हे मी माझ्या काळात पहिल्यांदा पाहिलं.

आणि मोठा पैसा आला म्हणजे झालं असंही नाही. उत्तर स्वीडनमध्ये शेलेफ्तिओला बॅटरीचा कारखाना उभारणाऱ्या नॉर्थव्होल्टने कर्ज आणि भांडवल मिळून साधारण १५ अब्ज डॉलर उचलले आणि मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. सॉफ्टवेअर चुकलं तर रात्रीत दुरुस्त करता येतं. बॅटरीच्या कारखान्यात चूक सापडायलाच वर्ष जातं.

दुसरं अडलेलं घोडं म्हणजे सत्तावीस देश आणि सत्तावीस कंपनी कायदे. एस्टोनियात ई-रेसिडेन्सी (परदेशी माणसाला मिळणारी डिजिटल ओळख) घेतलेला माणूस घरबसल्या कंपनी काढतो. जर्मनीत गेएमबेहा, म्हणजे तिथली प्रायव्हेट लिमिटेड, काढायला २५ हजार युरो भांडवल आणि नोटरी लागतो. हा नोटरी आपल्याकडच्या कोर्टाबाहेर छत्री लावून बसणाऱ्या नोटरीसारखा नाही. तो मोठा कायदेतज्ज्ञ असतो, आणि कायद्याने त्याला दस्त मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. अख्खा.

मी बसलेली पहिली वाचनसभा मला अजून आठवते. सकाळी नऊला सुरुवात. लांब टेबल, थर्मासमध्ये कॉफी, बिस्किटांची बशी. नोटरींनी चष्मा लावला आणि करार वाचायला घेतला, एका सुरात, श्वास न घेता, आजोबा गुरुचरित्राचं पारायण करायचे तसं. परिशिष्टं आदल्या दिवशी वेगळी वाचून झाली होती. दुपारी दोनपर्यंत माणसं खुर्चीत सरकायला लागली. पासष्टाव्या की सहासष्टाव्या पानावर फाउंडर, सत्तावीस वर्षांचा मुलगा, एकदम म्हणाला, “थांबा, हे परत वाचा.” कंपनी विकली गेली तर पैसे कोणाला कोणत्या क्रमाने मिळतील, ते कलम होतं. त्याने ते ईमेलमध्ये चार वेळा पाहिलं होतं. कानाने ऐकलं तेव्हा पहिल्यांदा कळलं. अर्धा तास चर्चा झाली, एक आकडा बदलला, नोटरींनी पेनाने दुरुस्ती केली. साडेचारला सह्या झाल्या.

सगळे त्या पद्धतीला शिव्या देतात, आणि वेळेच्या दृष्टीने त्या योग्यच आहेत. युरोपभर चालेल असा एकच कंपनी प्रकार असावा, या मागणीला ‘अठ्ठाविसावी व्यवस्था’ म्हणतात, आणि ती यावी असं मलाही मनापासून वाटतं. पण त्या दिवशी त्या मुलाचं भलं वाचनानेच झालं. तुमच्या ०.१५ टक्क्यांचं उत्तर त्याच कलमात आहे.

त्या कलमाला लिक्विडेशन प्रेफरन्स म्हणतात. कंपनी विकली की पहिला घास गुंतवणूकदाराचा. मी हे पोळून शिकले. माझ्या पहिल्या कंपनीने (नाव घेत नाही) मला ०.२ टक्के व्हर्च्युअल हिस्सा दिला होता. चार वर्षांनी कंपनी विकली गेली, २.२ कोटी युरोला. मी मनात हिशेब केला : ४४ हजार युरो. सांगलीच्या घराचं छत, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं त्यात बसवलं. कंपनीने तोवर गुंतवणूकदारांकडून २ कोटी उचलले होते. ते २ कोटी आधी त्यांना परत गेले. उरले २० लाख, आणि करार असा की त्या उरलेल्यातही सगळ्यांबरोबर त्यांचा वाटा. २० लाखांचे ०.२ टक्के म्हणजे ४ हजार युरो. त्यावर पगारासारखा कर. माझी कोणी फसवणूक केली नव्हती. सगळं कागदावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं, पगारातून साठवून.

जर्मनीत खरे शेअर न देता ‘व्हर्च्युअल’ का देतात, हेही समजून घ्या. खरा हिस्सा हस्तांतर करायला प्रत्येक वेळी नोटरी लागतो. शिवाय पूर्वी कागदावर हिस्सा मिळाला की हातात पैसा नसतानाच कर भरावा लागे. २०२१ मध्ये आणि मग २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने तो कर पुढे ढकलायची सोय झाली आहे, तरी बहुतेक कंपन्या अजून व्हर्च्युअलच देतात. तो फक्त करार असतो : कंपनी विकली तर अमुक सूत्राने पैसे देऊ. मताचा अधिकार नाही, शेअरही नाही. स्वीडनमध्ये हाच प्रश्न इतका पेटला होता की २०१६ मध्ये स्पॉटिफायच्या दोन्ही संस्थापकांनी जाहीर पत्र लिहून ऑप्शन्सवरचा (कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या शेअर घेण्याच्या हक्कावरचा) कर आणि स्टॉकहोममधली घरांची टंचाई सुटली नाही तर नोकऱ्या बाहेर न्याव्या लागतील असं सांगितलं. २०१८ मध्ये तिथे लहान कंपन्यांसाठी नियम सैल झाले.

एक चांगली बातमी तुमच्या बाजूची आहे. पूर्वी बहुतेक करारांत असायचं की तुम्ही स्वतः नोकरी सोडली तर कमावलेला हिस्साही बुडाला. मार्च २०२५ मध्ये एरफुर्टच्या संघीय कामगार न्यायालयाने ठरवलं की कंपनीच्या छापील अटींमध्ये असं कलम असेल तर ते चालणार नाही. जो हिस्सा मुदत भरून तुमचा झाला, तो राजीनाम्याने एका फटक्यात जाणार नाही. तुमच्या ऑफरमध्ये जुना मसुदा चिकटवलेला असेल तर हे नक्की दाखवा.

आता थेट कामाचं. सही करण्याआधी त्यांना ईमेलने विचारा, तोंडी नको. आजवर एकूण किती पैसे उचलले? लिक्विडेशन प्रेफरन्स एकपट (घातले तेवढेच आधी परत) आहे की जास्त, आणि उरलेल्यातही गुंतवणूकदारांचा वाटा आहे का? माझ्या हिश्शाची पायाभूत किंमत किती धरली आहे, म्हणजे त्या आकड्याच्या वरचं तेवढंच मला मिळणार का? ०.१५ टक्के आजच्या एकूण शेअर्सचे की पुढच्या राउंडनंतरचे, म्हणजे गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीनंतरचे? पुढच्या राउंडला सगळ्यांचा हिस्सा पातळ होतो, ते ठीक आहे, पण तो आकडा माहीत असू द्या. खात्यात आत्ता किती महिन्यांचा खर्च आहे? चांगला फाउंडर याची उत्तरं एका दिवसात देतो. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजा.

किंमत किती द्यायची, तर माझा हिशेब असा : पगार एकटा पुरेसा वाटत असेल तरच जा. घरभाडं, विमा आणि गावाकडे पाठवायचे पैसे पगारातून भागले पाहिजेत. ०.१५ टक्के शून्य धरा. आमच्या फंडाचंही गणित असंच चालतं. दहा कंपन्यांत पैसे घातले तर बहुतेकांतून मुद्दलही येत नाही, आणि एखाद-दुसरी सगळ्यांची भरपाई करते. फंडाकडे दहा आहेत, तुमच्याकडे एकच.

पडलंच तर जर्मनी तुम्हाला उघड्यावर टाकत नाही. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे चाचणीचा काळ, तेव्हा दोन्ही बाजूंनी दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नातं तुटतं. त्या काळात पुण्याचं घर सोडू नका. कंपनी दिवाळखोरीत गेली तर थकलेला पगार तीन महिन्यांपर्यंत सरकारी रोजगार संस्था देते. अर्ज वेळेत करायचा असतो. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर) असाल तर जर्मन भाषेची ए१ (अगदी प्राथमिक) पातळी असताना २७ महिन्यांत आणि बी१ (मध्यम) असताना २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. म्हणून पहिल्या आठवड्यापासून भाषेच्या वर्गाला जा. ऑफिसात सगळे इंग्रजी बोलतील, तरी जा.

मसुदा आला की रात्री घरच्यांना समोर बसवून तो मोठ्याने वाचा, सगळी पानं. जिथे अडखळाल ते कलम इथे लिहा, नावं आणि आकडे झाकून. मी बघून सांगेन.